बगळ्यांचा मोकळा शनिवार

२४ ऑगस्ट, रविवार
फर्डी होता तेव्हा आमच्या कॉलेजच्या बगळ्यांचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल टीमचा, सीझन सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभ्याने कोळंबी सोलायचो. रेडिओवर कोच बोलत असायचा. फर्डी हात माझ्याच एप्रनला पुसायचा आणि म्हणायचा, ललू, यंदा आपले बगळे उडणार. मी म्हणायचे, आधी हात धू. एवढंच. विशेष काही घडायचं नाही. आता चार वर्षं माझा एप्रन स्वच्छ आहे.

यंदाचे निश्चय: स्टेडियममध्ये ओरडायचं नाही. पंचांच्या आईचा उद्धार करायचा नाही. मी सिस्टर बर्नडीनच्या हाताखाली शिकलेली बाई आहे.

लेक नोएली आली होती. लग्न ११ ऑक्टोबरला, शनिवारी. सगळ्या मोसमात बगळ्यांचा तो एकच मोकळा शनिवार. पोरीने आधी सामन्यांचं कॅलेंडर पाहिलं, मग फादर गीड्रींना विचारलं, आणि मग नवऱ्यामुलाला सांगितलं. याला म्हणतात संस्कार. ग्रँट कूसा व्हॅली कॉलेजचा, म्हणजे रेड्यांच्या कळपातला. पण चालायचंच, माणूस सगळीकडून परिपूर्ण नसतो.

जाता जाता म्हणाली, आई, पपा नाहीत, तर वेदीपर्यंत तूच ने मला. म्हटलं, नेईन की. आणि कोळंबी सोलत राहिले. कांदा नव्हता, तरी डोळ्यांत पाणी आलं.

३१ ऑगस्ट, रविवार
जिंकलो. १६-१३. समोर पाइन ग्रोव्ह. त्यांच्या कॉलेजात मुलांपेक्षा गाई जास्त. एवढ्यांना हरवायला शेवटची किक लागावी? पण मी रागावलेली नाही. कोच आपली पानं झाकून खेळतोय, हे जाणकाराला कळतं.

माझा दीर अल्सीड म्हणाला, वहिनी, पानं आहेत का पण हातात? त्याला पुढच्या शनिवारी सॉसेज मिळणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
आणखी दोन विजय. दुसरा १०-९, त्यांचा किक मारणारा घसरला म्हणून. मी घसरण्याला बचावच मानते.

कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आमच्या साखळीतल्या, इतर टीमबद्दल माझं मत, निःपक्षपाती: मॅग्नोलिया टेकच्या गांधीलमाश्या म्हणजे नुसता बँडबाजा. नॅचेझच्या जहाजींचा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक केस फार विंचरतो. कूसा व्हॅलीचे रेडे जाडे आहेत, याला कोणी ताकद म्हणत असेल तर म्हणो. आपण अपराजित राहणार. लिहून ठेवते.

ओरडण्याबाबत: ओरडले नाही. मोठ्याने प्रार्थना केली. पुढच्या रांगेतल्या माणसाने कानांवर हात ठेवले, तो हेल्मेट घालून का येत नाही?

१७ सप्टेंबर, बुधवार
वादळ आलं. शेजाऱ्यांच्या शेडचं छप्पर माझ्या अंगणात, माझी पत्र्याची खुर्ची त्यांच्या झाडावर. वीज नाही. शनिवारचा रेड्यांशी सामना पुढे ढकलला. लोकांना आपापल्या छपरांची पडली आहे, सामन्याचं काय, विचारायला कोणी तयार नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
वीज आली आणि बातमी आली. दोन्ही टीमना मोकळा असलेला शनिवार कॉन्फरन्सच्या शहाण्यांनी शोधून काढला. ११ ऑक्टोबर.

११ ऑक्टोबर!

या माणसांना मुली नाहीत? या माणसांची लग्नं झाली नाहीत? तीन पानी पत्र लिहिलं, कॉन्व्हेंटच्या अक्षरात. त्यातले दोन शब्द सिस्टर बर्नडीनने शिकवलेले नव्हते.

नोएलीला फोन केला. शांतपणे म्हटलं, तारीख बदल. ती म्हणाली, आई, सभागृह ठरलंय, फुलं ठरलीत, ग्रँटची आजी विमानाने येतेय. म्हटलं, अगं, घरच्या मैदानावरचा सामना आहे! मी आणि तुझ्या बापाने घरचा एकही सामना चुकवला नाही, तू जन्मलीस ती सुद्धा बाहेरगावच्या सामन्याच्या दिवशी. ती म्हणाली, माहितेय आई, दर वाढदिवसाला सांगतेस. मग मी म्हटलं, तर तारीख हलव, नाहीतर वेदीपर्यंत न्यायला दुसरं कोणी शोध.

ती म्हणाली, बरं. अल्सीडकाकांना विचारते.

फोन तिनेच ठेवला. मी रागावलेली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
नवी योजना. नोएली ऐकत नाही, ठीक. पण मुलाकडचे सगळे रेड्यांचे भक्त. सामना त्यांनाही चुकणार. त्यांनीच लग्न पुढे ढकलायला सांगितलं की माझं काम झालं. ग्रँटच्या आईला, मिसेस थॉर्नहिलना, फोन केला. म्हटलं, अहो, तुमचीसुद्धा केवढी पंचाईत झाली असेल!

त्या म्हणाल्या, कसली हो?

सांगितलं. तर हसल्या! म्हणाल्या, तुमच्याशीच सामना ना? त्यासाठी कोणी लग्न हलवतं का विहीणबाई! आमचे हे तर म्हणाले, बरं झालं, लग्नापायी चुकायचा तर सोपाच सामना चुकला.

सोपा. सोपा!

आम्ही अपराजित आहोत हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो का? छान. आणि विचारलं, लग्नाच्या केकचा रंग कोणता?

२८ सप्टेंबर, रविवार
मॅग्नोलिया टेक ४१, आपण शून्य. शून्य!! वारा त्यांच्या बाजूने होता. दोन्ही हाफमध्ये, बाजू बदलल्यावरसुद्धा.

अल्सीडने नवा सूट घेतला. राखाडी. घालून दाखवायला आला. म्हणाला, वहिनी, खांद्यात बरोबर बसतोय ना? मी म्हटलं, तुझ्या भावाला शोभला असता. तो बिचारा सॉसेज न खाता गेला. मला म्हणायचं तसं नव्हतं. म्हणजे होतं.

निश्चय: उद्यापासून फुटबॉलबद्दल बोलणार नाही. फक्त कोचबद्दल.

५ ऑक्टोबर, रविवार
नॅचेझशीही हरलो. ३८-३. केस विंचरणाऱ्याने पाच टचडाउन केले आणि शेवटी कंगवा काढून दाखवला. मी ओरडले. सगळा निश्चय एका श्वासात ओरडले. शेजारची फर्डीची खुर्ची रिकामी होती. दर वर्षी मी तिचं तिकीट घेते. गुंतवणूक म्हणून. तिथे पर्स ठेवते. काल पर्सला म्हटलं, पाहिलंस का?

फर्डीने नक्की काहीतरी मूर्खपणाचं म्हटलं असतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार
११ तारखेची दोन्ही तिकिटं चर्चच्या सोडतीत पहिलं बक्षीस म्हणून दिली. उगाच, त्यागाची परीक्षा म्हणून. कोणीतरी ओरडेल, युलाली, हे काय करतेस, असं वाटलं होतं. मिसेस बर्जरॉन जिंकल्या. त्यांनी फादरना विचारलं, दुसरं बक्षीस मिळेल का?

दुसरं बक्षीस म्हणजे गोठवलेलं बदक.

तिकिटं परत माझ्या पर्समध्ये.

९ ऑक्टोबर, गुरुवार
नोएलीकडे स्वतः गेले. वाटेत भाषण तयार केलं. म्हटलं, कॉन्फरन्सने माझ्या पत्राला उत्तर दिलेलं नाही, हा अपमान आहे. निषेध म्हणून मी शनिवारच्या सामन्यावर बहिष्कार टाकते आहे.

ती लग्नाच्या झग्याच्या घेराला पिना लावत होती. तोंडात पिना. म्हणाली, म्हणजे येतेस?

म्हटलं, येईन.

पिना काढून म्हणाली, आणि टीम जिंकत असती तर?

मी म्हटलं, तुझ्या झग्याचा एक दोरा सुटलाय. तो धरायला खाली वाकले, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिले. तिने वरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, काकांना मी सांगते. त्यांनी सूटचं बिल अजून जपून ठेवलंय, परत करायला. म्हणत होते, वहिनी येणारच, तिला थोडं हरू दे.

या माणसाला मी वर्षानुवर्षं मूर्ख समजत आले. आजही समजते, पण सॉसेज देईन.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सामना सकाळी अकराला. टीव्हीवाल्यांना नकोसे सामने याच वेळेला टाकतात. लग्नाची मिस्सा, म्हणजे चर्चमधला विधी, बाराला. मी पूर्ण शांत आहे. उद्याची व्यवस्था, म्हणजे नंतर गोंधळ नको:

माझं तिकीट: फादर गीड्रींच्या माळ्याला. तो जाणार नाही म्हणाला, तरी द्यावं.

फर्डीचं तिकीट: कोणालाही नाही. नोएलीच्या हातातल्या फुलांच्या गुच्छात, देठांच्या मध्ये. तिला ठाऊक आहे.

स्टेडियमबाहेरची माझी गाडी लावायची जागा: शेजाऱ्यांना. त्यांनी माझी खुर्ची झाडावरून काढली.

गंबोच्या रश्श्याचं मोठं पातेलं आणि सगळी सॉसेज: अल्सीडला. सूट परत करू नये. रेडिओ चर्चमध्ये आणू नये, आणलाच तर स्कोअर फक्त मला.

सभागृहातली माझ्या शेजारची चांगली खुर्ची: मिसेस थॉर्नहिलना, जेवणाच्या वेळी. "सोपा" हा शब्द त्यांनी काढल्यास खुर्ची बदलावी.

नोएलीचा हात: ग्रँटला. वेदीपाशी, माझ्या हातून. मी रडणार नाही, हे नक्की ठरलं आहे.

घरातले सगळे मोठे रुमाल: मला.