रोग एक, नावं तीन

माई, आज सकाळी लेकीला घेऊन टावर चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तुमच्या नातीचं पहिलं बाळंतपण आहे, माहेरी आली आहे. बाईंनी तपासलं, आणि हात पुसता पुसता सहज विचारलं, आईच्या बाळंतपणात काही त्रास झाला होता का. लेक म्हणाली, मी झाले तेव्हा आजारी होती म्हणे, मग बरी झाली. तिला एवढंच ठाऊक. तुम्हीच बजावून ठेवलं होतंत की गावाला मी सांगेन, पण मुलीला तू सांगायचं आणि वेळ आली की सांगायचं. ती वेळ आज डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी आली. मी त्या रोगाचं नाव घेतलं, तुम्ही पाठ केलं होतंत तसंच, तुमच्याच उच्चारात. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि लेक माझ्याकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. आता ती झोपली आहे आणि मी तुम्हाला लिहायला बसले आहे.

ते वर्ष संस्थानं विलीन झाल्याचं. आमच्या देवासात तर एका गावात दोन राजे होते, ते दोन्ही एकदमच गेले. ह्यांची कचेरी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला जायची, सरकारचंच विंचवाचं बिऱ्हाड झालं होतं. माणसं चौकात उभी राहून एकमेकांना विचारायची, आता आपण कुणाचे? बाळंतिणीच्या खोलीत पडल्या पडल्या तो प्रश्न माझ्या कानावर आला आणि डोक्यात भलताच शिरला. माझी झोप गेली होती. डोळे मिटले की कुणीतरी दार वाजवतंय असं वाटायचं. माझी खात्री झाली की नवे साहेब घरोघरी येऊन तान्ही मुलं नेणार आहेत. मग एका सकाळी, आई पाणी तापवायला गेली असताना, मी मुलीला दुपट्यात गुंडाळलं, गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवलं, झाकण लावलं आणि वर बसून राहिले. मला फार शांत वाटत होतं, हे आजही आठवतं आणि अंगावर काटा येतो. आईला पाळणा रिकामा दिसला. तिने मला ढकलून झाकण उघडलं, पोरीला बाहेर काढलं आणि त्या गोष्टीवर जन्मभराचं झाकण लावायचं ठरवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं आवडतं वाक्य.

बारशाला सासरहून, उज्जैनहून, तुम्ही आलात. मी मुलीकडे परक्यासारखी बघतेय हे तुमच्या लक्षात आलं. आई म्हणाली, अशक्तपणा आहे, दूध कमी येतंय, झोप नीट होत नाही. तुम्ही मान डोलावलीत, आणि सव्वा महिना होताच रीतभात बाजूला ठेवून आम्हा दोघींना उज्जैनला घेऊन आलात. मुलीला वाटीने गाईचं दूध तुम्ही पाजायचात आणि माझ्या मांडीवर ती आली की समोर पाट घेऊन बसायचात. मग इलाज सुरू झाले. वैद्यांनी सूतिकावात सांगून काढा दिला. राम घाटावरच्या एका बाबाने बाहेरची बाधा सांगून दंडाला गंडा बांधला आणि थंडीत क्षिप्रेत बुडी मारायला लावली. एका मोठ्या डॉक्टरांनी नाडी धरली न धरली तोच हिस्टेरिया म्हणून सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही डोक्यावरचा पदर सारखा केलात आणि म्हणालात, "रोग एक आणि नावं तीन? म्हणजे रोग सांगणाऱ्याचं चुकत नाहीये, हकीकत सांगणाऱ्याचं चुकतंय." हकीकत तर तुम्हीच सांगत होतात, आईने तुम्हाला सांगितली होती तेवढी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात मेथीची जुडी माझ्यापुढे टाकलीत आणि स्वतःही निवडायला बसलात. तोवर माझ्या डोक्यातलं धुकं बरंच विरलं होतं, पण माझ्याशी कुणी बोलतच नव्हतं, सगळे माझ्याविषयी बोलत होते. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "तुला काय झालं होतं, ते तू सांग." मी सांगितलं. कोठीही सांगितली. तुमचे हात थांबले. तुम्ही उठलात, पाळण्यातल्या मुलीला उचलून खांद्यावर घेतलंत आणि लांब दाराशी जाऊन उभ्या राहिलात. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तुम्ही मायेचं ढोंग केलं नाहीत, म्हणून पुढचं सगळं मला खरं वाटलं. तिथूनच तुम्ही म्हणालात, "हे बघ, मी गोड बोलणार नाही. तू आधीपासून अशी असशील तर आम्ही फसवले गेलो. तुला देवासला पोचवीन आणि पोर इथे ठेवून घेईन. आजार असेल तर तू या घरची सून, मग कुणाची बोलायची हिंमत होणार नाही. पण आधी मला साफ साफ कळलं पाहिजे. अंदाजाने मी कुणाचा फैसला करत नाही." मी म्हटलं, मलाही कळलं पाहिजे. मुलगी मिळो न मिळो, मी कोण आहे ते तरी कळू दे. तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलंत.

उज्जैनच्या देवास गेटवरून आपण देवासमार्गे जाणारी इंदूरची बस धरली. मुलगी तुमच्या मांडीवर होती. वाटेत देवासला आई चढली, तुम्ही निरोप धाडून तिला बोलावलं होतंत. ती तुमच्या कानाशी लागून सांगत होती, विहीणबाई, घरातली गोष्ट परक्यापुढे कशाला, झाकली मूठ बरी. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. पण औषध घ्यायला हात उघडावा लागतो."

इंदूरला आपण ज्यांच्याकडे गेलो ते मनाच्या आजारांचे डॉक्टर फाळणीत लाहोरहून आलेले, भाड्याच्या एका खोलीत बसायचे. ह्यांच्या कचेरीतल्या कुणीतरी त्यांचा पत्ता दिला होता. त्यांनी रिवाजाप्रमाणे तुम्हालाच विचारायला सुरुवात केली. तुम्ही म्हणालात, "डॉक्टर साहब, इससे पूछिए. बीमारी इसकी है, मेरी नहीं." मग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आईचं मुसमुसणं ऐकू येत असतानाही थांबले नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आईकडे वळून विचारलं, आधी कधी असं झालं होतं का. आई म्हणाली, कधीच नाही, हुशार पोर होती. घरात कुणाला? आई तुमच्याकडे बघत राहिली. तिला काय गमवायचं होतं ते आपल्या तिघींना ठाऊक होतं. तुम्ही नुसती मान हलवलीत, बोला म्हणून. ती म्हणाली, "माझी थोरली बहीण. पाय घसरून विहिरीत पडली असं सांगतो आम्ही. तिचं बाळ पंधरा दिवसांचं होतं. पाय घसरला नव्हता."

मला वाटलं, संपलं. घराण्यातच वेड आहे म्हटल्यावर कोण ठेवून घेणार. पण डॉक्टर पुढे झुकले आणि म्हणाले, आता चित्र साफ झालं. नाव सांगितलं त्यांनी, इंग्रजीतलं, प्युअरपेरल सायकोसिस, आणि मग हिंदीत, जच्चा का उन्माद, म्हणजे बाळंतिणीचा उन्माद. बाळंतपणाबरोबर येतो, रक्तातून येऊ शकतो, पण जन्मभराचं वेड नाही. ही बरी होत आली आहे. पुढच्या बाळंतपणात परत येऊ शकतो, तेव्हा पहिले दोन महिने झोप सांभाळा आणि एकटं सोडू नका. तुम्ही म्हणालात, "नाम फिर से बताइए." त्यांनी सांगितलं. परत विचारलंत, परत सांगितलं. मग तुम्ही विचारलंत, बच्ची? ते म्हणाले, "इसी की है, इसी को दीजिए. पहले कोई पास बैठे, फिर धीरे धीरे अकेली भी." परतीच्या बसमध्ये तुम्ही आईला खिडकीची जागा दिलीत. ती देवासपर्यंत बहिणीसाठी रडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही मात्र ओठांतल्या ओठांत ते इंग्रजी नाव घोकत होतात, एखादं स्तोत्र पाठ करावं तसं.

आणि मग ते नाव तुम्ही गावभर केलंत. मुदतीचा ताप आला होता म्हणावं इतक्या सहज. हळदीकुंकवाला कुणी नाक मुरडून विचारलं, सूनबाई आता बरी आहे ना, तर तुम्ही तिला खाली बसवून रोगाचं नाव, लक्षणं, पथ्य सगळं ऐकवायचात. बाई कंटाळून उठायची, परत विचारायची नाही. मला तेव्हा लाजेने मेल्यासारखं व्हायचं, रागही यायचा. पुढे बायका मागच्या दाराने यायला लागल्या, हळू आवाजात, माई, माझ्या नणंदेला तसंच होतंय का हो? तेव्हा माझा राग गेला. धाकट्याच्या वेळी तुम्ही माझ्या उशाशी दोन महिने बसलात आणि मी झोपले की पाहुण्यांना दारातून परत पाठवलंत. तो रोग परत आला नाही.

आज लेकीने सगळं ऐकून घेतलं. कोठीच्या गोष्टीपाशी तिने नकळत पोटावर हात ठेवला. मग विचारलं, "आजीने मला तुझ्यापाशी एकटं कधी सोडलं?" इंदूरहून आल्यानंतर काही आठवड्यांनी, मी म्हटलं. दुपारी तुम्ही मुलीला माझ्या मांडीवर ठेवलंत, चपला घातल्यात आणि देवळात जाऊन येते म्हणून निघून गेलात. मागे वळून पाहिलं नाहीत. तो दिवस मी आयुष्यभर मिरवला. तुम्हीही मिरवलात, माझ्या सुनेपाशी मी निर्धास्त पोर सोडून गेले म्हणून. लेकीलाही मी आज तेवढंच सांगितलं आणि ती समाधानाने झोपायला गेली. उठली की उरलेलंही सांगणार आहे, कारण दोन महिन्यांत तिला ते उपयोगी पडेल. पण ते आधी तुम्हाला सांगायला हवं.

तुम्ही फाटकाबाहेर पडलात आणि मला माझीच भीती वाटली. मी भिंतीवरून शेजारच्या काकूंना हाक मारली. त्या येऊन माझ्यासमोर बसल्या, तुमच्याच पाटावर. मी चहा केला, तेवढा वेळ मुलगी त्यांच्याकडे दिली. तुमची चाहूल लागण्याआधी त्यांना घरी पाठवलं. तुम्ही आलात, पाय धुतलेत, स्वयंपाकघरात गेलात. मोरीवर दोन कपबशा धुऊन पालथ्या घातल्या होत्या. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि कपबशा पुसून फळीवर ठेवून दिल्यात. डॉक्टरांना तीनदा नाव विचारणाऱ्या तुम्ही, तेवढं एकच मला विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. माई, त्या दुपारी मी एकटी नव्हते.