डबीखालचा दिवा

गोरेगाव, मंगळवार, संध्याकाळ

एसी मी बसवला त्या नव्या ऑफिसात आज भर मे महिन्यात बाबू लोक स्वेटर घालून! एसी थांबतच नाही, ऊब यावी म्हणून खिडक्या सताड उघड्या. उद्घाटनाआधी एक दिवस सगळं चालवून तपासू, म्हटलं होतं मी. तिथले साहेब म्हणाले होते, "पूजा झाली ना, मग चाचणी कायले पायजे?" आणि हे साहेब स्वतः इंजिनिअर!

तापमान मोजणाऱ्या डबीच्या बरोब्बर खाली देवाचा दिवा. डबीला वाटतं, खोली तापली. मी दिवा दूर सरकवला. थोड्या वेळानं एसी पहिल्यांदा थांबला. सगळे माझ्यावरच ओरडले, "बिघडवला!"

साहेबांनी दिवा परत डबीखाली ठेवला. एसी सुरू झाला.

"पायलं? देवाले हलवलं का असंच होते."

सगळ्यांनी हात जोडले. स्वेटरमधूनच.