मामीची संमती

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन ओढ्यात पडला, म्हणून पत्र. ओढ्यात मी कशाला उतरलो ते भेटीत सांगेन, त्यात एक खेकडाही आहे. सध्या मुक्काम मामांकडे. दोन दिवसांसाठी आलो होतो, पण आता पाय निघत नाही.

तुझ्या जर्नलची मेल आलीय मामांना. त्यांच्या कुंभारणीवरच्या लेखाबद्दल. मातीचं घरटं बांधणारी ती माशी गं, स्वयंपाकघराच्या खिडकीतली. दूध उतू गेलं तरी चालेल, पण कुंभारीण माती घेऊन आली की मामी खिडकीशी हजर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं मामांनी, पण बघणारी तीच. लेख लिहून झाला तो ती गेल्यावर, आणि मामांनी तिचं नाव आपल्या आधी घातलं. लेखाखाली छापलंय, की दोन्ही लेखकांनी तो वाचून मान्य केला. आता एका वाचकाने विचारलंय, “ज्या बाईंच्या अंत्ययात्रेला मी स्वतः होतो, त्यांनी नंतर हा लेख वाचून मान्य कसा केला?”

ताई, तो मामांनीच मान्य केला. छापण्याआधी तुम्ही प्रत्येक लेखकाला संमती विचारता ना, ती तिच्या नावाची मेल उघडली आणि तिच्या वतीने कळवलं, की वाचलं, मान्य आहे. लेख मागे घेतला तर मामीचं नाव कुठेच उरायचं नाही. तू तिथली संपादक. घरचं म्हणून एवढं पोटात घाल.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

खेकडा चावला असेल तर बरंच झालं.

पोटात घालता येत नाही रे, आणि ते माझ्या हातातही नाही. नात्यातल्याच्या लेखाला हात लावायचा नाही, हा आमचा नियम. म्हणून मामांचा लेख आला तसाच सहकाऱ्याकडे दिला आणि छापून होईस्तोवर उघडूनही पाहिला नाही. त्याबद्दल माझं कौतुकही झालं. आता वाटतं, लेखकांची नावं जरी पाहिली असती, तरी त्याच दिवशी सहकाऱ्याच्या कानावर घातलं असतं. गेलेल्या माणसाचं नाव चालतं. नावापुढे एक खूण करायची आणि खाली लिहायचं, की लेख पूर्ण होण्याआधी यांचं निधन झालं. बस्स. पण मामांनी तिच्याकडून हो वदवून घेतलं. उद्या कुणी जिवंत माणसाच्या नावानेही असंच परस्पर हो कळवील, म्हणून तर आम्ही एकेकाला विचारतो.

सहकारी म्हणतात, मामांनी खरं ते स्वतः लिहून दिलं तर नुसती दुरुस्ती छापू. लपवलं तर लेख जाईल. निकाल लागेपर्यंत मी मामांशी बोलायचं नाही असं ठरलंय. हे तुला कळवतेय तेही सहकाऱ्याला विचारूनच. तेव्हा तू सांग. आणि एकदा तरी मधेच उठून जाऊ नकोस.

मामांना सांभाळ, माझ्यावरची माया थोडी शिल्लक ठेव,
ताई

३० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. आधी भडकले. म्हणाले, जिचं नाक मी पुसलं ती आता मला नियम शिकवणार. मग जेवताना, मी काही विचारलं नसताना, म्हणाले, “तिच्या नावापुढे ती खूण करायला हात वळेना रे.”

दुसऱ्या दिवशी सगळं लिहून दिलं. माझ्याकडून वाचून घेतलं आणि मी सुचवलेला एकही शब्द ठेवला नाही.

काल तुमच्याकडून मेल आली, दुरुस्ती मान्य आहे का म्हणून. दोन्ही लेखकांच्या पत्त्यांवर. यंत्रच ते, त्याला काय कळतंय. मामांनी स्वतःची उघडली आणि होकार कळवला. मग मामीची उघडली. मी खिडकीकडे पाहत राहिलो. यंदा एकही घरटं नाही, फक्त जुन्या मातीचा डाग आहे. मग त्यांनी काहीही न लिहिता ती बंद केली.

म्हणाले, “ताईला कळव, तिच्याकडून आता उत्तर येणार नाही.”

कळवलं. मी अजून इथेच आहे. जमेल तेव्हा ये, आणि लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
भिंगरी