मोत्यांचं पथ्य

३ मार्च
गहू वजा केला तर आमच्या घरात खाण्यासारखं काय उरतं? आज सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला उत्तर देता आलं नाही. हे वहीत कबूल करते. घरात नाही.

झालं ते असं. बाबा शहर बसचे ड्रायव्हर. कधी रजा न घेणारा माणूस, पण पोटामुळे गेले काही महिने रजेवर आहेत. तपासण्या झाल्या. आज डॉक्टरांनी सांगितलं की बाबांच्या आतड्यांना गहू सोसत नाही. पोळी, पाव, बिस्किटं, शेवया, मॅकरोनी, गव्हाचं जे जे म्हणून असेल ते कायमचं बंद. पाळलं तर आतडी हळूहळू भरून येतील. न पाळलं तर काय, ते त्यांनी आईकडे बघून सांगितलं. आई तेवढ्यात रडायला लागली, त्यामुळे मला ऐकू आलं नाही.

२९ तारखेला डेपोच्या डॉक्टरांपुढे जायचं आहे. अंगात ताकद दिसली तर बस परत हातात. नाही तर हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसून लोकांच्या छत्र्या सांभाळायच्या. घरी येताना बाबा बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. नुसता डावा पाय हलत होता. क्लच.

आत्या म्हणाली, भात आहे की. मी तिला समजावलं की भात ही तडजोड आहे, उपाय नव्हे.

संकल्प: बाबांचा आहार आजपासून माझ्याकडे. माझी पदवी राज्यशास्त्राची आहे, मान्य. पण पदवी विषय शिकवत नाही, विचार करायला शिकवते. या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. मी नाही तर कोण?

५ मार्च
उपाय सापडला. पर्ल कुसकुस!

फोनवर लेख होता. मोत्यांसारखे टपोरे दाणे, फार जुन्या काळापासून लोक खात आलेत, पोटभरीचे. लेख अर्ध्यावर आला आणि मधे जाहिरात उगवली, मग काही केल्या पुढे सरकेना. हरकत नाही. शिकलेल्या माणसाला अर्ध्या लेखावरून उरलेला कळतो.

कोपऱ्यावरच्या दुकानात सुटं मिळालं, काचेच्या बरणीत. पण बरणी कुठे ठेवली होती? शेवया आणि मॅकरोनीच्या मधे! मी दुकानदाराला म्हटलं, अहो, हे धान्य आहे, ते इथे काय करतंय? तो म्हणाला, मॅडम, ज्या गाडीतून मॅकरोनी येते त्याच गाडीतून हे येतं, म्हणून तिथे. म्हणजे वर्गीकरण गाडीवरून! मी बरणी उचलायला लावली आणि तांदूळ आणि मक्याच्या मधे ठेवायला लावली. चिठ्ठीही मीच सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवली: प्राचीन धान्य. गव्हाला उत्तम पर्याय. त्याने विचारलं, तुम्ही डॉक्टर का? म्हटलं, ग्रॅज्युएट.

६ मार्च
पहिला प्रयोग. कांदा, टोमॅटो, कुसकुस. पाणी अंदाजाने घातलं. अंदाज उदार झाला. पातेल्यात चमचा उभा राहिला आणि सोडला तरी पडेना. आत्या म्हणाली, भिंतीला पोपडे आलेत तिथे लावू या का?

बाबांनी ताट पुसून खाल्लं. पदवी मिळाल्यापासून ते मला साहेब म्हणतात. म्हणाले, साहेब, फर्स्ट क्लास.

८ मार्च
आज दाणे आधी तेलात खमंग परतले, मग मोजून पाणी, मग झाकण. दाणा न् दाणा सुटा. आई मान डोलावून गेली. आत्यासुद्धा दोनदा घेऊन गेली, पण नाव घेताना तुझे ते मणी असंच म्हणते.

बाबांचं पोट दुपारी बिघडलं. नवीन आहाराला शरीर आधी विरोध करतं. कोणत्याही सुधारणेला होतो तसा. राज्यशास्त्रात याची ढीगभर उदाहरणं आहेत.

११ मार्च
भाजलेला भोपळा, पुदिना, लिंबू आणि कुसकुस. फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. सगळ्यांना आवडला. एकीने विचारलं, हा पास्ता का? तिला उत्तर दिलं नाही. ती पहिल्यापासूनच वरवरचं वाचते.

बाबा बाथरूममधून येतात आणि भिंतीला हात लावत पलंगापर्यंत जातात. विचारलं तर म्हणतात, बघतोय, रंग निघालाय.

१४ मार्च
बाबांनी आज पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. म्हणजे पोटावरची सूज उतरते आहे. चांगलं लक्षण.

आईला ते लक्षण वाटत नाही. भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, चार दिवस ते मोती राहू दे ना गं, मी साधा भात-बटाटा देते त्यांना. मी म्हटलं, आई, प्रयोग मधेच सोडला तर निष्कर्ष निघत नाही. आई म्हणाली, मला निष्कर्ष नको, माणूस हवाय. आणि नळ मोठा केला. भावनेच्या भरात माणसं बोलतात.

संकल्प: प्रमाण वाढवायचं. सकाळीसुद्धा कुसकुस, दुधात शिजवून.

१६ मार्च
दुधातलं कुसकुस बाबांनी खाल्लं. पंधरा मिनिटांत उलटी. दूध जुनं असणार. दूधवाल्याशी भांडले. तो म्हणाला, ताई, हेच दूध अख्खी बिल्डिंग पिते. अख्ख्या बिल्डिंगचं मला काय सांगतोस?

बाबांच्या हातातला कप बशीवर किणकिण वाजतो. ते तो दोन्ही हातांनी धरतात. मग टीव्हीचा आवाज जरा मोठा करतात.

२० मार्च
तीन दिवस मावशीकडे होते. त्या शहरात मुलाखत होती. नोकरी मिळणार नाही, तिथल्या लोकांना स्वतंत्र विचाराची माणसं नको आहेत. जाताना आईला कुसकुसची सगळी कृती लिहून दिली होती.

परत येऊन बघते तर बाबा जिन्यात! स्वतः खाली जाऊन पेपर घेऊन येत होते. चेहऱ्यावर तेज. शेजारच्या काकांशी गियरबॉक्सवर वाद घालत होते. म्हणाले, साहेब, कालपासून पोट एकदम शांत आहे.

मला भरून आलं. कुसकुसचा परिणाम सावकाश होतो पण होतो, हे सिद्ध झालं. आईला म्हटलं, बघ. आई डाळ-तांदळाचे डबे उगीच सारखे करत बसली. बरणीतलं कुसकुस मी ठेवून गेले होते तेवढंच वाटलं. आई काटकसरीने वापरते.

आजपासून दुप्पट जोमाने. रात्री मशरूम घालून केलं.

२३ मार्च
बाबा पुन्हा पलंगावर. मला कळत नाही. म्हणजे कळतं, पण शब्दांत मांडता येत नाही. बहुतेक टेन्शन. २९ जवळ येते आहे.

आत्याने आज मला गॅलरीत गाठलं. म्हणाली, पोरी, माझा एकुलता एक भाऊ आहे तो. मी म्हटलं, आत्या, माझेही एकुलते एक बाबा आहेत. मग दोघींनी मिळून कपडे वाळत घातले.

२५ मार्च
बाबा खुर्चीवर बसून प्रॅक्टिस करतात. डावा पाय क्लच, उजवा ब्रेक, हातात ताट स्टिअरिंगसारखं. आज पाच मिनिटांत घाम आला. ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, ट्रॅफिक फार आहे. मी हसले. आई हसली नाही.

२७ मार्च
उद्याचा दिवस हातात आहे. शेवटचा, सर्वांत पौष्टिक प्रयोग. आज अचानक ध्यानात आलं की इतके दिवस मी मूलभूत चूक करत होते. धान्य कधी न भिजवता शिजवतात का? कडधान्य भिजवतो, तांदूळ भिजवतो. कुसकुस न भिजवल्यामुळेच बाबांना पचत नव्हतं! इतकं साधं होतं. संध्याकाळी मोठ्या पातेल्यात भरपूर भिजत घातलं. सकाळी छान फुललेलं असेल. आज किती तरी दिवसांनी निवांत वाटतंय.

२८ मार्च, सकाळी ७
पातेल्यात दाणे नाहीत.

सकाळी ७.२०
आधी वाटलं पाणी खराब होतं. मग वाटलं दुकानदाराने जुना माल दिला. वर पांढरट पाणी, खाली चिकट लगदा. आई मागून आली. तिने हात घातला, मूठभर उचललं, पिळलं, सवयीने दोन वेळा मळलं. गोळा झाला. तिने तो दोन्ही हातांनी ओढला. तो ताणला गेला. तुटला नाही.

आई म्हणाली, ही तर कणीक आहे.

मी म्हटलं, नाही. मग तो गोळा हातात घेतला. वास घेतला. आईने शांतपणे विचारलं, हे कशाचं असतं गं?

मी लेख उघडला. आज जाहिरात आली नाही. दुसऱ्या अर्ध्यात पहिलंच वाक्य होतं की गव्हाच्या रव्याचे गोळे वळून भाजतात, म्हणजे हा पास्त्याचाच एक प्रकार.

दुपारी
बाबांना सांगितलं. मीच सांगितलं, आईला सांगू दिलं नाही. पलंगाच्या कडेला बसून सांगितलं की बावीस दिवस मी तुम्हाला रोज गहूच घालत होते. मधले तीन दिवस आईने भात दिला होता, तेही आता कळलं. ते तीन दिवस मी माझ्या खात्यावर लिहिले आहेत, याच वहीत, वर.

मी म्हटलं, बाबा, त्रास होत होता तर बोलला का नाहीत? म्हणाले, तू एवढं वाचून करत होतीस. मला वाटलं, माझं पोटच अडाणी आहे. सवय झाली की शिकेल.

पुढे काही लिहिण्यासारखं नाही.

२९ मार्च
डेपोच्या डॉक्टरांनी बाबांना खुर्चीवरून दहादा उठ-बस करायला सांगितलं. बाबा सहाव्याला टेबल धरून थांबले. बस नाही. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. तोवर छत्र्या.

डॉक्टरांनी विचारलं, पथ्य पाळता ना? बाबा म्हणाले, हो, काटेकोर. मी पुढे होऊन म्हटलं, नाही, माझ्यामुळे मोडलं. काय झालं ते सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता नीट पाळा, आतडी भरून येतील, वय आहे अजून. मग विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, सध्या काही नाही.

बाहेर आल्यावर बाबा चिडले. म्हणाले, सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? मी साहेब म्हणवून घेण्याची वाट बघत होते. म्हणाले नाहीत.

१ एप्रिल
बाबांचा छत्र्यांच्या खोलीतला पहिला दिवस. डबा आईने दिला: भात, बटाटा. संध्याकाळी आले आणि जेवताना आत्याला सांगत होते की एक बाई दाताची कवळी शोधत आली होती, खोलीत चार कवळ्या निघाल्या, तिने चारही घालून बघितल्या. आत्या हसून हसून पाणी सांडत होती. बाबांनी भात पुन्हा घेतला. मी वाढायला उठले तर आईने डाव माझ्या हातातून काढून घेतला. हळूच, पण काढून घेतला.

२ एप्रिल
नवा संकल्प लिहायला वही उघडली होती. पण या वेळी आधी करून आले आणि मग लिहिते आहे.

सकाळी दुकानात गेले. बरणी अजून तांदूळ आणि मक्याच्या मधे, माझी चिठ्ठी लावलेली. निम्म्याहून रिकामी. दुकानदार खुशीत म्हणाला, मॅडम, तुमच्या चिठ्ठीमुळे काय खपतंय! पथ्याची माणसं शोधत येतात. मी विचारलं, कोण कोण? तो म्हणाला, असं लक्षात कुठे राहतं?

मी स्टुलावर चढले, चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि बरणी दोन्ही हातांनी उचलून शेवया आणि मॅकरोनीच्या मधे ठेवली. नवी चिठ्ठी लावली: गव्हाचं आहे. दुकानदार म्हणाला, अहो, आता हे कुठल्या शास्त्रात बसतं? मी म्हटलं, मला माहीत नाही.

मग संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. जो कोणी ती बरणी मागत होता, त्याला सांगत होते.