खिशात हवी होती ती चावी

लालीधुरा, दार्जिलिंग
१२ नोव्हेंबर

लाडक्या पेमकित,

येशूच्या कृपेने तू आणि मुलं बरी असाल. तू कालिम्पोंगहून पाठवलेलं चीज पोचलं. इथे दुपारीच धुकं उतरतं, भाजीचे वेलावरचे इस्कुस संपत आले. बाकी ठीक.

ठीक नाही. अक्षर मोठं आलंय ना? भीती वाटली की अक्षर मोठं काढा, असं कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या.

तुझ्या दादाबद्दल लिहायचंय. आपल्या प्रक्षेपण केंद्राची रीत तुला ठाऊक आहे. मनोऱ्यावर चढणाऱ्याने यंत्राची चावी स्वतःच्या खिशात न्यायची. तो उतरेपर्यंत रेडिओ, टीव्ही सगळं बंद. डोंगरभर आवाज थांबले की मी समजायचे, सिप्रियन वर आहे.

मागच्या आठवड्यात तो मनोऱ्याच्या टोकावरचा लाल दिवा बदलायला चढला आणि चावी यंत्रातच राहिली. तिथे पाळीवर असलेला सुरेन घरी येऊन हळूच म्हणाला, "काकी, बातम्यांची वेळ झाली म्हणून मी चावीला हात घातलाच होता. सहज खिडकीतून वर पाहिलं, तर काका."

चावी फिरली असती तर यंत्र चालू होऊन तो वरच जळाला असता. मला नवल वाटलं नाही, ह्याचीच जास्त भीती वाटली. चहा चुलीवर ठेवून तो विसरतो. परवा तुझ्या धाकटीचं नाव त्याला आठवेना. मी हसण्यावारी नेत होते.

काल केंद्रावर जाऊन त्याच्या वरिष्ठांना, हलदरसाहेबांना, सगळं सांगितलं. त्यांनी त्याचं चढणं बंद केलं, चढताना बांधायचा कमरेचा पट्टा काढून घेतला. घरी येऊन त्याने विचारलं, "कोणी सांगितलं?"

"मी."

"छान. आता तुझ्याशेजारी बसून लोकर गुंडाळतो." मग जेवला नाही. मला वाटलं, रागावू दे. राग निवतो.

आज सकाळी तो शीळ घालत उठला. "अग्नेस, माझा पट्टा कुठे ठेवलास? दिवा बदलायचाय."

पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा तोच चेहरा, पुन्हा तोच प्रश्न, "कोणी सांगितलं?" ह्या वेळी मी म्हणाले, साहेबांनीच ठरवलं.

उद्या काय म्हणू, पेमकित? तू ये. रोज सकाळी त्याला नव्याने खाली उतरवायचं, हे माझ्या एकटीने होणार नाही.

तुझी वाट बघणारी, घाबरलेली,
अग्नेस वहिनी