साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला ओटिस

प्रिय वेस,

रविवारी तुरुंगातल्या फोनची वेळ संपली आणि तुझं बोलणं अर्ध्यावरच तुटलं. पण जेवढं ऐकू आलं, तेवढ्यात सगळं कळलं. गुरुवारी तुला शिक्षा सुनावणार. त्याआधी आयलानं कोर्टात उभं राहून जजना सांगायचं की बाबा लवकर घरी यायला हवा. आणि मी नेहमीसारखं तुझ्या मागच्या बाकावर बसायचं. "तुझं ऐकेल ती, आई. तू फक्त नीट समजावून सांग तिला," असं तू म्हणालास. त्याचं उत्तर मी या पत्रात देते आहे.

इकडे बर्फ अजून पडतोच आहे. गोठ्याच्या छपरावरचा शेजारच्या हायकिनेननं येऊन काढून दिला. पैसे घेईना, म्हणून मांस नि सलगम भरून भाजलेल्या चार पेस्ट्या दिल्या. आयलाला आता पेस्टीची कड दुमडायला छान जमते. आतले सलगमचे तुकडे मात्र ती तुझ्यासारखेच वेचून ताटाच्या कडेला लावते. मी रागावले तर म्हणाली, "मुम्मू, अगं टाकत नाहीये, नुसते रांगेत बसवतेय." लिनेटचे बूट दाराशी होते, ते मी मागे वर उचलून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी पाहते तर आयलानं आईचे बूट पुन्हा दाराशी आणून ठेवलेले. आता तिथेच असतात.

तू आणखी एक म्हणालास, ते मला लागलं. "कुत्रा आणून लाडीगोडी लावली आणि पोरीला पढवलं त्यांनी. म्हणून तर साक्ष देताना मान वर करत नव्हती. खोटं बोलणारं माणूस असंच खाली बघतं." तुझे हॅलोरन वकीलही ज्युरीपुढे साधारण हेच बोलले. ते त्यांचं काम होतं. पण तू ओटिसला कधी नीट पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते.

नोव्हेंबरात लिनेट गेली, तेव्हापासून आयला बोलतच नव्हती, हे तुला ठाऊक आहे. शाळेत नाही, समुपदेशक बाईंपाशी नाही, माझ्यापाशी तर नाहीच. मग कोर्टातल्या मिसेस पेरोंनी बोलावलं. खटल्यात साक्ष देणाऱ्या मुलांना सांभाळतात, त्या बाई. त्यांचा काळा लॅब्रडोर म्हणजे ओटिस. दारावरचा पहारेकरी गस त्याला बघून म्हणाला, "या साहेब, तुमची झडती नाही. आजी, तुम्ही मात्र पर्स उघडा." आयलाच्या तोंडाच्या कोपऱ्यात जरासं हलल्यासारखं वाटलं मला. आत गेल्यावर ओटिस काही उड्या मारत आला नाही. तो हळूच तिच्याजवळ गेला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मोठा सुस्कारा टाकला, शेतावरून दमून आलेला म्हातारा टाकतो तसा. मग ती त्याच्या कानात म्हणाली, "आमच्या शाळेत आज मासे होते. घाण लागत होते." किती दिवसांनी आवाज ऐकला मी तिचा! मिसेस पेरो खिडकीबाहेर बघत राहिल्या, ऐकलंच नाही असं दाखवत. त्यांनी तिला काही पढवलं नाही, वेस. आई कशी गेली, हे त्या खोलीत कुणी एकदाही विचारलं नाही. तसा नियमच आहे त्यांचा.

खटल्याआधी मुलांना रिकामं कोर्ट दाखवतात. आयलाला साक्षीदाराच्या खुर्चीत बसवलं. ओटिस तिच्या पायाशी, लाकडी कठड्याच्या आड. ज्युरी येण्याआधीच त्याला तिथे नेऊन बसवतात, म्हणजे तो कुणाला दिसू नये आणि कुत्र्याकडे बघून कुणाला पाझर फुटू नये. आयलानं विचारलं, "ओटिसपण शपथ घेणार?" मिसेस पेरो म्हणाल्या, "त्याला बोलता येत नाही गं, म्हणून त्याला माफ." मग तिला माणसांची सवय व्हावी म्हणून त्यांनी जजच्या जागी गसला बसवलं. तुझ्या खुर्चीत बसायला कुणी नव्हतं. मी बसले.

तुला सांगते, मी फक्त तिच्याकडे पाहून हसले. आपल्या घरात सगळे म्हणतात ना, तुझे डोळे माझ्यावर गेलेत. त्या खुर्चीतून ते डोळे तिच्याकडे बघताहेत म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. दोन्ही हात खाली गेले. कठड्यामुळे मला ते दिसत नव्हते, पण ओटिसच्या मानेची कातडी तिनं घट्ट धरली असणार, कारण मिसेस पेरो लगेच म्हणाल्या, "आजी, तुम्ही उठा पाहू." मी उठून बाजूला झाले, तेव्हा कुठे तिचा श्वास सुटला. वेस, मी तुला जन्म दिला. तुझ्या जागेवरून ती कशी दिसते, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी खटल्यात मी तुझ्याच मागे बसले. हॅलोरन त्यांचा तो लांबलचक प्रश्न विचारत होते तेव्हा पिंजऱ्यातून घोरण्याचा आवाज आला, आठवतं? ज्युरीतला तो टोपीवाला इकडेतिकडे बघायला लागला. जजनी खोकल्यासारखं केलं. तुझे खांदे हलले. हसू आवरत होतास तू. लहानपणी चर्चमध्ये असाच हसायचास. क्षणभर मला वाटलं, यातलं काहीच घडलेलं नाही, आपण सगळे आता घरी जाऊ, लिनेट कॉफी करेल. मग आयला कठड्यावर वाकली आणि तिनं खाली ओटिसलाच सांगितलं, "आई घसरली नाही. बाबानं ढकललं. मी टेबलाखाली होते." जज म्हणाले, "बाळ, जरा मोठ्यानं." तिनं पुन्हा सांगितलं, पुन्हा ओटिसलाच.

तुझा फोन आला त्या रात्री सॉनात वाफ घेऊन झाल्यावर मी तिचे केस पुसत होते. तिनं आपणहून विषय काढला. "मुम्मू, मी वर बघितलंच नाही. समोर बाबा होता. आणि बाबाच्या मागे तू होतीस. म्हणून मी तुझ्याकडेपण बघितलं नाही. राग आला तुला?" मी टॉवेलनं पुसतच राहिले, केस कधीच कोरडे झाले होते. मग मी तिला एकच विचारलं, गुरुवारी कोर्टात काही बोलायचंय का? ती म्हणाली, "नाही. पण ओटिस येणार असेल तर येते." मिसेस पेरोंना विचारलं, ओटिस येणार आहे.

तू मागितलंस ते दोन्ही मी देणार नाही, वेस. आयला त्या खुर्चीत पुन्हा चढणार नाही, आणि चढ असं मी तिला सांगणार नाही. ती सरकारी वकिलांच्या बाजूच्या बाकावर बसेल. लिनेटची आई अंथरुणाला खिळली आहे, त्या बाजूला दुसरं आपलं असं कुणी नाही. म्हणून मी तिच्याजवळ बसणार आहे. पुढे तुला जिथे पाठवतील तिथे मी भेटायला येईन, कितीही लांब असलं तरी, पण एकटी येईन. हे आधी कळवते आहे, कारण आत आणल्यावर तू सगळ्यात आधी मागे बघतोस हे मी रोज पाहिलं आहे. हातात बेड्या असतात, मान तेवढी मोकळी असते. गुरुवारी ती वळवू नकोस, बाळा. मी तिथे नसेन.

तुझीच,
आई