शिक्क्याविना सुटलेला डबा

ट्युनिस

आदरणीय लझहर साहेब,

अठ्ठावीस वर्षांपूर्वी विमानतळाच्या जकातीत मी तुमच्यापुढे रडले होते. आजारी मुलांच्या स्नायूंचे नमुने होते, डब्यातला बर्फ संपत आला होता आणि शिक्का मारणारे साहेब सोमवारी उगवणार होते.

"यात एवढं आहे तरी काय, बाई?"

"आरएनए. कोणत्या जनुकानं बोलायचं, कोणत्या जनुकानं गप्प बसायचं, हे तो ठरवतो. गरम झाला की संपला."

"गप्प बसवतो? मग थोडा आमच्या साहेबांसाठी ठेवून जा," म्हणत तुम्ही डबा तसाच माझ्या हातात दिलात. "पळा आता. मी तुम्हाला पाहिलंच नाही."

त्याच नमुन्यांत मला स्नायूंतलं एक जनुक गप्प करणारा छोटासा आरएनए सापडला. पुढचं सगळं आयुष्य मी त्याच्यामागे आनंदात घालवलं.

आज माझ्या निरोप समारंभात सगळ्यांचे आभार मानले. तुम्ही आता मोठ्या हुद्द्यावर आहात. नाव घेतलं असतं तर तुमच्यामागे चौकशी लागली असती. म्हणून हे पत्रही पोस्टात टाकणार नाही. "आणि आणखी एक गृहस्थ," एवढंच म्हणाले, अन् खाली बसले. लोकांना वाटलं, म्हातारीला नाव आठवत नाहीये.

तुमची ऋणी,
रौधा